हिमवादळ, इशारा आणि शब्दप्रमाण



आजचा विषय हिमवादळांचा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं बर्फाच्या भानगडीत कशाला पडावं, असं काहींना वाटेल. शिवाय आपलं बर्फाशी नातं ते किती? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो, एवढंच. पण आता तसं राहिलेलं नाही. आज हे ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची मुलं, सुना, नातवंडं टोरांटो, शिकागो, न्यू जर्सी इथं आहेत. आणि डिसेंबरात मनालीला निघालेल्या गाड्यांमध्ये पुण्या-नाशिकची माणसं काही कमी नसतात. डिसेंबर 2024 मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान हजारभर वाहनं बर्फात अडकली होती, ते तुम्हाला आठवत असेल.

दुसरं कारण आमच्या विषयातलं आहे. हिमवादळांचा इतिहास वाचताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. वादळ येणार हे कोणालातरी आधी माहीत असतं, निदान अंदाज तरी असतो. तरीही माणसं मरतात. मग हे ज्ञान नेमकं कुठं सांडतं? आज आपण त्या गळतीचा शोध घेऊ.

आधी हिमवादळ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेच्या हवामान खात्याची व्याख्या अशी: ताशी 35 मैल, म्हणजे 56 किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाचा वारा, पाव मैलापेक्षा, म्हणजे सुमारे 400 मीटरपेक्षा कमी दृश्यता, आणि हे सगळं निदान सलग 3 तास. या व्याख्येत बर्फ किती इंच पडला पाहिजे हे कुठंच नाही. जमिनीवर आधीच पडलेला बर्फ वाऱ्यानं उधळला तरी ते हिमवादळच. म्हणजे मुद्दा बर्फाच्या थरापेक्षा डोळ्यांचा आहे. समोरचं दिसत नाही, दिशा कळत नाही, आणि अंगातली ऊब वारा ओढून नेतो.

आता 1888 सालाकडे जाऊ. तारीख 12 जानेवारी, वार गुरुवार. स्थळ अमेरिकेतलं मोठं माळरान: नेब्रास्का, डकोटा, मिनेसोटा. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं 160 एकर जमीन मिळते म्हणून नॉर्वे, जर्मनी, रशिया इथून शेतकरी कुटुंबं या भागात येऊन वसली होती. झाडं नाहीत, म्हणून लाकूड नाही. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांची घरं. मुलांसाठी एका खोलीच्या शाळा, आणि शिकवणाऱ्या बऱ्याचशा एकोणीस-वीस वर्षांच्या मुली.

आधीचे काही दिवस कडाक्याची थंडी होती. बाराची सकाळ मात्र उबदार निघाली. बर्फ वितळायला लागला. शेतकरी गुरं घेऊन बाहेर पडले, कोणी लांबून चारा आणायला गेलं. पोरं जाड कोट घरी टाकून शाळेत गेली. आणि मग वायव्येकडून वादळ आलं. कुठं दुपारी, कुठं नेमक्या शाळा सुटायच्या वेळेला. बर्फ पिठासारखा बारीक होता, डोळे उघडता येईनात, श्वास घेता येईना. रात्रीपर्यंत अनेक ठिकाणी तापमान उणे 30 अंश सेल्सियसच्या आसपास उतरलं. मृतांचा आकडा साधारणपणे 235 सांगितला जातो, काहींच्या मते तो याहून बराच मोठा होता. त्यात शाळकरी मुलं इतकी होती, की इतिहासात हे वादळ ‘मुलांचं हिमवादळ’ म्हणूनच ओळखलं जातं.

या दिवसातल्या दोन शिक्षिकांच्या हकिगती शेजारी शेजारी ठेवून पाहा. नेब्रास्कातल्या मिरा व्हॅलीत मिनी फ्रीमन नावाची शिक्षिका होती. वाऱ्यानं शाळेचं छप्परच उडवलं. थांबणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं मुलांना घेऊन जवळच्या शेतघराची वाट धरली आणि सगळी मुलं सुखरूप पोचली. तिनं मुलांना दोरीनं बांधलं होतं की नव्हतं, मुलं तेरा होती की सोळा, यावर अजून वाद आहेत. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं, तिच्यावर गाणं निघालं, लग्नाच्या मागण्यांची पत्रं आली.

दुसरी लोइस रॉइस. तीही नेब्रास्कातलीच, प्लेनव्ह्यू गावाजवळची. तिच्यापाशी तीन मुलं उरली होती, दोन मुलगे आणि एक लहान मुलगी. छप्पर शाबूत होतं. पण दुपारी सरपण संपलं. ती जिथं राहत असे ते घर दोनशे यार्डांच्या आत होतं. एवढंसं अंतर म्हणून ती मुलांना घेऊन निघाली आणि वाट चुकली. रात्रभरात तिन्ही मुलं तिच्या कुशीत गेली. ती जगली, पण तिचे पाय कापावे लागले.

लोक पहिलीला शूर म्हणतात आणि दुसरीला दुर्दैवी. आम्हाला वाटतं, दोघींच्या धैर्यात काडीचा फरक नव्हता. लोइस रॉइसच्या शाळेत रात्रभर पुरेल एवढं सरपण असतं, तर ती दारातून बाहेरच पडली नसती. त्या दिवशी कितीतरी शाळांतल्या शिक्षिकांनी मुलांना रात्रभर आत ठेवलं, वेळ आली तेव्हा बाकं फोडून जाळली. त्या मुलांची नावं कोणाला माहीत नाहीत, कारण त्यांना काही झालंच नाही. सरपणाचा प्रश्न वादळाच्या दुपारी सुटत नसतो. तो आदल्या आठवड्यात सुटलेला असतो किंवा राहून गेलेला असतो.

आता इशाऱ्याकडे येऊ. त्या काळी अमेरिकेत हवामानाचा अंदाज लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होता, 1870 पासून. प्रमुख होते अ‍ॅडॉल्फस ग्रीली, जे स्वतः उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत उपासमारीतून वाचलेले. पंचवीस जणांच्या त्या तुकडीतले सहाच शेवटी जगले. म्हणजे थंडी काय करते हे खुर्चीवरच्या माणसाला चांगलं ठाऊक होतं. सेंट पॉल इथं लेफ्टनंट थॉमस वुड्रफ या माळरानासाठी अंदाज काढत. थंडीची लाट येणार, बर्फ वाऱ्यानं साचणार, असा अंदाज त्यांनी काढला होता. तो तारेनं ठिकठिकाणी जाई आणि गावात पांढरं निशाण चढे, मधोमध काळा चौकोन असलेलं. पण दहा-पंधरा मैलांवरच्या शेतातल्या माणसाला ते निशाण दिसणार कसं? आणि दिसलं असतं तरी ‘थंडीची लाट’ या शब्दांतून ‘आज पोरांना शाळेत धाडू नका’ एवढा अर्थ निघाला असता का?

इथं आम्हाला आमचं न्यायदर्शन आठवतं. ज्ञान मिळवण्याची चार साधनं तिथं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आपल्या मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. न्यायात मात्र आप्त म्हणजे ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवावा असा माणूस. वात्स्यायन भाष्यात त्याची लक्षणं सांगतो: त्याला विषयाचं खरं ज्ञान हवं, जे जसं आहे तसं सांगायची इच्छा हवी, आणि त्यानं ते प्रत्यक्ष सांगायला हवं. पुढं तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपण कुळावर ठरत नाही.

हवामानाचा इशारा हे शब्दप्रमाणाचं शुद्ध उदाहरण आहे. उद्याचं वादळ आज डोळ्यांना दिसत नाही. कोणीतरी जाणकार सांगतो म्हणूनच ते आपल्याला कळतं. 1888 साली सांगणाऱ्याला ज्ञान होतं, हेतूही चांगला होता, पण सांगणं शेतापर्यंत पोचलं नाही. आणि त्यात भर म्हणून प्रत्यक्ष शब्दाच्या विरोधात उभं राहिलं. सकाळी ऊन पडलं होतं. समोर ऊन असताना कागदावरच्या थंडीवर कोण विश्वास ठेवणार?

त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, 11 ते 14 मार्चला पूर्व किनाऱ्यावर दुसरं मोठं हिमवादळ आलं. त्याआधीही हवा उबदार होती. या वेळी अंदाजच चुकला होता, पावसाची अपेक्षा होती. न्यूयॉर्क शहरात 21 इंच बर्फ पडला, वाऱ्यानं त्याचे डोंगर झाले, उन्नत रेल्वेच्या गाड्या अधांतरी अडकल्या. एकूण चारशेच्या आसपास माणसं गेली, त्यातली निम्मी एकट्या न्यूयॉर्कमधली. रॉस्को कॉन्कलिंग हे एकेकाळचे सिनेटर, वकील. वॉल स्ट्रीटवरच्या कचेरीतून ते बर्फातून चालत निघाले, वाटेत कोसळले, आजारी पडले आणि 18 एप्रिलला वारले. सोमवार आहे म्हणजे कचेरीत गेलंच पाहिजे, ही सवय किती बलवत्तर असते पाहा.

या वादळातली एक गोष्ट आम्हाला विशेष बोलकी वाटते. शहरभर तारांची जाळी खांबांवर होती, ती बर्फाच्या वजनानं कोसळली आणि शहर मुकं झालं. आता, तारा जमिनीखाली न्याव्यात असा कायदा न्यूयॉर्क राज्यानं 1884 मध्येच केला होता! चार वर्षं तो कागदावर राहिला. वादळानंतर, 1889 मध्ये महापौर ह्यू ग्रँट यांनी खांब अक्षरशः तोडायला लावले. भुयारी रेल्वेच्या मागणीलाही या वादळानं जोर दिला. बॉस्टनची 1897 मध्ये धावली, न्यूयॉर्कची 1904 मध्ये. हवामान खातंही लष्कराकडून काढून 1891 मध्ये कृषी खात्याकडे, म्हणजे नागरी हातात आलं.

तुम्ही म्हणाल, ते दिवस तारेचे होते, आता उपग्रह आहेत. बरोबर आहे. पण मग 1978 चं बॉस्टन घ्या. सोमवार, 6 फेब्रुवारी. मोठ्या बर्फाचा अंदाज दिलेला होता. पहाटे लोकांनी खिडकीतून पाहिलं, तर बर्फाचा पत्ता नाही. अंदाज फसला असं समजून लाखो माणसं कामावर गेली. बर्फ थोडा उशिरा सुरू झाला आणि मग थांबेचना. बॉस्टनमध्ये 27 इंचांवर पडला. रूट 128 या एका रस्त्यावर सुमारे 3000 मोटारी आणि 500 ट्रक गाडले गेले. त्या अडकलेल्या गाड्यांत 14 माणसं मेली, आणि ती गारठून नव्हे. गाडी गरम ठेवायला इंजिन चालू, सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलेलं, आणि कार्बन मोनॉक्साइड आत.

हा वायू नीट समजून घ्या, कारण तो आपल्याकडेही दर हिवाळ्यात माणसं मारतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. माणसाला डोकेदुखी, मळमळ, झोप येते, आणि तो झोपतो ते कायमचा. उत्तर भारतात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं याच वायूनं जातात. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक पर्यटक गेले, त्यातही हा वायू होताच. तिथंही जोरदार बर्फवृष्टीचा इशारा आधी दिलेला होता.

आता टेक्सास, फेब्रुवारी 2021. इथं ऐकणारा सामान्य माणूस नव्हता, यंत्रणा होती. 1989 मध्ये आणि पुन्हा 2011 मध्ये थंडीनं तिथली वीजकेंद्रं बंद पडली होती. दोन्ही वेळा सांगितलं गेलं की केंद्रं आणि वायूच्या वाहिन्या थंडीसाठी सज्ज करा. बरंचसं झालं नाही, कारण ते सक्तीचं नव्हतं आणि त्याला पैसे लागत होते. 2021 मध्ये तेच घडलं, मोठ्या प्रमाणावर. 45 लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात गेली. टेक्सासची वीजजाळी देशाच्या इतर जाळ्यांपासून जवळजवळ तुटलेली, त्यामुळे बाहेरून वीज घ्यायची सोय तोकडी. संपूर्ण जाळी कोसळायला फक्त 4 मिनिटं 37 सेकंद उरली होती, असं पुढं उघड झालं. सरकारी मोजणीनुसार 246 माणसं गेली. त्यातली सुमारे दोन तृतीयांश थंडीनं, तीही पुष्कळशी स्वतःच्या घरात. आणि 19 जण पुन्हा त्याच कार्बन मोनॉक्साइडनं, कारण ऊब मिळावी म्हणून लोकांनी गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, घरात कोळसा पेटवला, जनरेटर दाराशी लावले.

म्हणजे तीन ठिकाणी गळती दिसते. 1888 मध्ये शब्द पोचला नाही. 1978 मध्ये पोचला, पण खिडकीबाहेरच्या कोरड्या रस्त्यानं त्याला खोटं पाडलं. टेक्सासमध्ये शब्द पोचला, पटलाही असेल, पण तो फायलीत राहिला.

गळती बुजवता येते हेही इतिहास सांगतो. मार्च 1993 मधलं अमेरिकेतलं अफाट वादळ पाच दिवस आधी ओळखलं गेलं आणि काही राज्यांनी बर्फ पडायच्या आत आणीबाणी जाहीर केली. आपल्या देशातलं उदाहरण हिमवादळाचं नाही, पण धडा तोच आहे. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, आणि गावातलाच माहितीतला माणूस दारावर येऊन ‘चला’ म्हणू लागला. म्हणजे न्यायातला आप्त आणि मराठीतला आप्त एकत्र आले. जाणकाराचा शब्द जवळच्या माणसाच्या तोंडून आला, की माणूस उठतो.

आता आपल्याला काय करता येईल? व्याख्यानात याद्या कंटाळवाण्या होतात, पण एवढं ऐकून घ्या.

मुलगा-सून बर्फाच्या प्रदेशात असतील तर त्यांना इशारा आल्यावर नव्हे, नोव्हेंबरातच विचारा. तीन दिवसांचं पाणी, न शिजवता खाता येईल असं अन्न, नेहमीची औषधं, टॉर्च आणि बॅटऱ्या घरात आहेत का? कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारा अलार्म आहे का, आणि त्याची बॅटरी कधी बदलली? वीज गेली तर सगळ्यांनी एकाच खोलीत राहायचं, दाराखालच्या फटी कपड्यानं बुजवायच्या, नळ बारीक धारेनं चालू ठेवायचा म्हणजे पाइप फुटत नाही. जनरेटर घराबाहेर, निदान वीस फूट दूर. कोळशाची शेगडी घरात कधीही नाही. फावड्यानं बर्फ उपसताना साठीच्या पुढच्या आई-वडिलांनी हौस दाखवू नये, त्या श्रमानं हृदयविकाराचे झटके येतात.

मनाली असो की मिनेसोटा, गाडी अडकली तर गाडी सोडायची नाही. लोइस रॉइसचे दोनशे यार्ड आठवा. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवायचं. त्याआधी दर वेळी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, आणि काच बोटभर खाली ठेवायची. निघतानाच टाकी भरलेली, घोंगड्या सोबत. आणि थंडी घालवायला एक पेग, हा सल्ला साफ चुकीचा आहे. दारूनं कातडीला ऊब वाटते, पण आतली ऊब बाहेर पडते. हुडहुडी भरलेल्या माणसाची जीभ जड झाली, हातातून वस्तू पडू लागल्या, तो असंबद्ध बोलू लागला तर सावध व्हा. हुडहुडी थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका, शरीर हरत चाललंय. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, डॉक्टरकडे न्या. बधिर झालेली बोटं चोळू नका.

शेवटी बफेलो, डिसेंबर 2022. नाताळच्या तोंडावर आलेल्या या वादळाचा इशारा दिवस-दोन दिवस नव्हे, त्याहून आधीपासून दिलेला होता. पण वाहनबंदी जाहीर झाली ती वादळाच्याच सकाळी, तोवर माणसं कामावर निघालेली. सुमारे 52 इंच बर्फ पडला, त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली, काही गाडीत, काही रस्त्यात. शेजारच्या चीकटोवागात एक मेकॅनिक स्वतः रस्त्यात अडकला होता. त्यानं जवळच्या शाळेची काच फोडली, आत शिरला आणि आसपासच्या गाड्यांतून म्हातारीकोतारी, पोरंबाळं गोळा करून आणली. चोवीस माणसं त्या शाळेत वाचली. जाताना त्यानं काच फोडल्याबद्दल माफीची चिठ्ठी ठेवली. पोलिसांनी त्याला शोधून काढलं ते आभार मानायला.

1888 मध्ये मुलं शाळेतून बाहेर पडली आणि गेली. 2022 मध्ये माणसं शाळेत शिरली आणि जगली. मधल्या एकशे चौतीस वर्षांत बर्फ बदलला नाही. छपराखाली राहावं, हा नियमही तोच आहे. म्हणून आमची विनंती एवढीच की पुढच्या इशाऱ्याच्या वेळी, बाहेर ऊन असलं तरी, तुमच्या माणसाला फोन करा. हवामान खात्याचा शब्द तो कदाचित बाजूला ठेवेल. तुमचा ठेवणार नाही.